आधी देठ बघा, मग नाव ठेवा

कंचे म्हणा नाहीतर गोट्या, नागपूरच्या महाल भागातला एखादा जुना वाडा रिकामा होताना माळ्यावरच्या पत्र्याच्या डब्यात त्या निघतातच. आणि बघणाऱ्यांपैकी कुणीतरी लगेच सांगून टाकतं, ‘शंभर वर्षांच्या असतील’. असतीलही. पण रंग बघून ते ठरत नाही. रंग सगळ्यात शेवटी बघायचा.

साहित्य फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, छोटी टॉर्च, व्यास मोजायला व्हर्नियर कॅलिपर आणि काळं सुती कापड, एवढं पुरे. आधी गोट्या कोमट पाण्यात, साध्या साबणाने धुवा. मे महिन्यात गच्चीवर तापलेली गोटी थेट थंड पाण्यात टाकाल तर ती तडकू शकते. बाहेरची काच आकसते, आतली गरमच राहते. धुतलेल्या गोट्या उन्हात वाळवू नका. गोल काच भिंगासारखं ऊन एका बिंदूवर आणते, खालचं कापड करपतं.

आता मुख्य काम. गोटी टॉर्चसमोर हळूहळू फिरवत देठ शोधा. संत्र्याला जसं देठाचं टोक आणि त्याच्या समोरचं टोक असतं, तशी हाताने केलेल्या गोटीला बहुधा दोन टोकं असतात. कारण तिच्या घडणीत आहे. जर्मनीतल्या थुरिंजिया भागातल्या लाउशा गावी कारागीर रंगीत काचेच्या पट्ट्या आणि पारदर्शक काच यांचे थर देत एक जाड कांडी तयार करत, ती तापवून पिळत आणि एका खास कात्रीने एकेक गोटी कापत. ही कात्री १८४० च्या दशकाच्या शेवटी आली. तिच्या एका पात्याला वाटीसारखा खोलगट भाग असे, त्यात काच गोल फिरे. कापलं तिथे व्रण राहतो, तोच देठ. तो कधी खडबडीत असतो, कधी घासून सपाट केलेला, कधी पुन्हा तापवून गुळगुळीत केलेला. नखाने चाचपलं तर बऱ्याचदा डोळ्याआधी बोटालाच कळतं. आतल्या रेषाही या टोकाकडून त्या टोकाकडे पिळत जातात.

एकच देठ असेल तर गोटी कांडीवरून कापलेली नसून लोखंडी सळईच्या टोकावर एकटी घडवलेली असू शकते. एकही नसेल तर बहुतेक यंत्राची. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन इथे मार्टिन क्रिस्टेन्सन यांना १९०५ मध्ये गोट्यांच्या यंत्राचं पेटंट मिळालं आणि बिनदेठाच्या, अगदी गोल गोट्यांचं राज्य सुरू झालं. आत फुलाच्या पाकळ्यांसारखे रंगीत पंखे असलेली ‘मांजरडोळा’ गोटी दुसऱ्या महायुद्धानंतरची, आधी जपानमधून आलेली. आपल्याकडच्या डब्यांत ती फार सापडते. फिकट हिरवट, बुडबुड्यांची, नक्षी नसलेली गोटी असेल तर ती बहुधा गोटी सोड्याच्या फुटलेल्या बाटलीतली. ही बाटली म्हणजे हायरम कॉड यांच्या १८७० च्या दशकातल्या बाटलीची पुढची पिढी. जुनी असेल, पण नाव ठेवण्याजोगं तिच्यात काही नाही.

दोन देठ सापडले की नाव आतून बाहेर ठेवत या. मधोमध काय आहे? पांढऱ्या किंवा पिवळ्या धाग्यांची जाळी असेल तर लॅटिसिनो, भरीव रंगीत गाभा असेल तर सॉलिड कोअर, वेगवेगळ्या पट्ट्या मोकळ्या ठेवून पिळलेल्या असतील तर डिव्हायडेड कोअर, एकच रुंद फीत असेल तर रिबन. जाळी पांढरी की पिवळी हे टॉर्च मागून धरून ठरवा, दिवाणखान्यातल्या पिवळ्या बल्बखाली पांढरीही पिवळी दिसते. मग पृष्ठभागाजवळच्या पट्ट्यांचे रंग आणि संख्या लिहा.

ओनियनस्किन वेगळी. तिच्यात पट्ट्या नसतात. तापलेली काच रंगीत चुऱ्यावर लोळवून ओढतात, म्हणून रंग फाटल्यासारखे लांब दिसतात. सोनेरी चमक दिसली की सगळे लुट्झ म्हणतात, पण भिंग लावा. लुट्झमधली चमक तांब्याच्या बारीक स्फटिकांची असते आणि ती बहुतेकदा पट्टीत बसलेली दिसते. चंदेरी, विस्कटलेले कण असतील तर तो अभ्रक. पारदर्शक गोटीत चंदेरी दिसणारा प्राणी किंवा माणूस असेल तर ती सल्फाइड. आकृती मुळात पांढरी असते, तिच्याभोवतीच्या हवेच्या पातळ थरामुळे ती चमकते. आणि ‘इंडियन’ म्हणून विकली जाते ती गोटी भारतातली नव्हे. काळ्या अपारदर्शक काचेवर रंगीत पट्टे असलेली ती जर्मनच असते. या नावाने भले भले फसतात.

मोजमाप तीन दिशांनी घ्या. हाताची गोटी क्वचितच पुरती गोल असते, देठ ते देठ आणि आडवा व्यास यांत अर्धा मिलिमीटर फरक सहज निघतो. तीनही आकडे हुबेहूब जुळले आणि काच आरशासारखी चकाकत असेल तर शंका घ्या. कुणीतरी ती पॉलिश केलेली असू शकते. पॉलिशमध्ये देठाचा व्रण जातो, बाहेरच्या पट्ट्याही झिजतात. त्यापेक्षा खेळताना पडलेली चंद्रकोरीसारखी खूण परवडली, ती निदान गोटीचीच असते.

चिठ्ठीवर असं लिहा: लॅटिसिनो, पांढरी जाळी, बाहेर लाल-निळ्या सहा पट्ट्या, १७.५ मिमी, दोन्ही देठ घासलेले, एक चंद्रकोर.