आमची वाटचाल : फोन पुसण्याआधी

इंदूरच्या जेल रोडवर आमचं दुकान स्क्रीन आणि बॅटरी बदलण्यापासून सुरू झालं. पुढे अपडेट करताना लोगोवरच अडकलेले आयफोन येऊ लागले आणि कामाचं स्वरूप पालटलं. तेव्हापासूनचा नेम असा, की फोन कंप्युटरला जोडल्यावर ‘रिस्टोअर’च्या आधी ‘अपडेट’ करून बघायचं. अपडेटमध्ये सिस्टिम नव्याने चढते, फोटो जागेवर राहतात. रिस्टोअरमध्ये सगळं पुसलं जातं. मुलाबाळांचे फोटो एकाच फोनमध्ये असतात, बॅकअप क्वचितच. तिथे घाई करणं आम्हाला पटत नाही.

सिस्टिमची फाइल कंप्युटरवर आधीच उतरवून ठेवतो. डाउनलोडला १५ मिनिटांहून जास्त लागली, की फोन रिकव्हरी मोडमधून (अडकलेल्या फोनवर सिस्टिम पुन्हा चढवण्याची स्थिती) आपोआप बाहेर पडतो. विंडोजवर शिफ्ट दाबून अपडेट किंवा रिस्टोअरचं बटण दाबलं, की ती फाइल निवडता येते.

काम अडलं की कंप्युटर एररचा नंबर दाखवतो. ३१९४ आला तर फोन उघडायची गरज नसते. ॲपलच्या सर्व्हरची सही, म्हणजे मंजुरी, मिळाल्याशिवाय आयओएस (आयफोनची सिस्टिम) चढत नाही, आणि कंप्युटरच्या होस्ट्स फाइलीतली (कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर न्यायचं याची यादी) एखादी जुनी नोंद तिथवरची वाट अडवते. ती काढायची. सही बंद झालेली जुनी आवृत्ती मात्र चढणारच नाही.

खरा कस ९, ४००५, ४०१३, ४०१४ या नंबरांवर लागतो. इथे काम चालू असताना फोनचा संपर्क तुटतो. आधी ओरिजिनल केबल, हब न वापरता थेट पोर्ट, मग दुसरा कंप्युटर. तरी ४०१३ कायम राहिला, तर खात्रीची चार्जिंग फ्लेक्स (भाग बोर्डाला जोडणारी पातळ पट्टी) लावतो, समोरच्या कॅमेऱ्याची फ्लेक्स काढून ठेवतो आणि पुन्हा चालवतो. यातला एखादा भाग शॉर्ट असला, की आय-टू-सी लाइन (भाग आणि चिप एकमेकांशी बोलतात ती तार) खाली ओढली जाते आणि फोन मध्येच रीस्टार्ट होतो. तेवढ्यानेही भागलं नाही, तर मल्टिमीटर डायोड मोडवर ठेवून कनेक्टरची एकेक पिन चांगल्या बोर्डाशी ताडून बघतो. ९ हटतच नसेल तर संशय नँड मेमरीवर, म्हणजे फोटो आणि सगळा डेटा साठवणाऱ्या चिपवर. तिला हात लावण्याआधी डेटा जाऊ शकतो हे गिऱ्हाइकाला सांगून लेखी संमती घेतो.

दुसरीकडे होम बटण बदलून घेतलेल्या फोनवर एरर ५३ यायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये ॲपलने सुधारित आयओएस ९.२.१ आणल्यावर असे फोन रिस्टोअर होऊ लागले, पण बदललेल्या बटणावर टच आयडी (बोटाच्या ठशाने फोन उघडणं) चालत नाही. म्हणून अशा मॉडेलची स्क्रीन बदलताना मूळ बटण आणि त्याची फ्लेक्स जपून नव्या स्क्रीनवर घेतो.

सॅमसंगला ओडिनमध्ये (कंप्युटरवरून सिस्टिम चढवायचं सॉफ्टवेअर) सीएससी या देश-कंपनीच्या सेटिंगच्या फाइलीऐवजी होम-सीएससी निवडतो. साध्या सीएससीने डेटा पुसला जातो.