मॉरिशस ट्रिप: ऑगस्टचा वारा आणि शिडाच्या होडीचं वेड

आधीच सांगते, आम्ही सेलिंग-बिलिंग शिकायला गेलोच नव्हतो. लग्नाला 15 वर्षं झाली म्हणून पोरांना आजीकडे सोडून सहा रात्री समुद्रकिनारी नुसतं लोळायचं, एवढाच प्लॅन. एजंटने पूर्व किनाऱ्यावर बेल मारला रिसॉर्ट बुक करून दिलं, ऑगस्टमध्ये, रेट पण मस्त मिळाला, आणि तो का मस्त मिळाला ते पोचल्यावर कळलं. वारा! सकाळपासून नुसता भणाणता वारा, छत्री उडतेय, टॉवेल उडतोय, गातो पिमां (चणाडाळीचे तिखट वडे, आपल्या डाळवड्यांचे सख्खे भाऊ) खायला घेतले तर निम्मी वाळूच तोंडात. नवऱ्याने एजंटला लांबलचक मेसेज टाकला, त्याचं उत्तर आलं, "सर, नॅचरल एसी आहे."

भानगड अशी आहे की मे ते ऑक्टोबर तिकडे हिवाळा, तेव्हा आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात ते थेट पूर्व किनाऱ्यावर. पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाककडे मधल्या डोंगरांचा आडोसा मिळतो. लोळायचंच असेल तर तिकडे जा, आम्हाला कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कंटाळून बोटहाऊसकडे गेले. तिकडच्या बऱ्याच रिसॉर्टमध्ये मोटर नसलेल्या गोष्टी, म्हणजे कयाक, पेडल बोट, छोट्या शिडाच्या होड्या, पॅकेजमध्येच असतात आणि आपले लोक पेडल बोटच्या पुढे जात नाहीत. तिथले काका साठीचे असतील, क्रिओल (तिथली फ्रेंचवरून आलेली बोली) आणि भोजपुरी मिसळून बोलायचे. म्हटलं मला पोहता येतं पण होडीतलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी वाळूत काठीने एक बाण काढला, "दिवां," म्हणाले, म्हणजे वारा. मग बाणाच्या दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा मारल्या. वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाता येत नाही, साधारण 45 अंश इकडे नाहीतर तिकडे, असं नागमोडी जायचं. मी चाळिशीपर्यंत समजत होते की शीड म्हणजे वारा मागून ढकलणार आणि होडी पुढे जाणार, झालं. वारा येतो त्या दिशेलाही असं नागमोडी जाता येतं हे डोक्यात शिरायलाच अर्धा तास गेला.

शिकण्याच्या पहिल्या दिवशी ते सोबत होते, होबी कॅटवर, म्हणजे दोन अरुंद होड्या शेजारी जोडलेली जोडहोडी, सहसा उलटत नाही. दुसऱ्या दिवशी लेझर दिली, एकट्याची, साधारण 14 फुटी. दोनच गोष्टी हातात असतात, एक सुकाणूचा दांडा, तो डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते (स्कूटरवाल्या बायकांनो, सवय लागायला वेळ लागतो), आणि दुसरी शिडाची दोरी, जिला शीट म्हणतात, शीट म्हणजे शीड नव्हे, यावरून माझा पहिला गोंधळ झालेला. दोरी सैल असेल तर शीड फडफडतं आणि होडी नुसती डुलत बसते. हळूहळू ओढत गेलं की एका क्षणी फडफड थांबते, कापड ताणलं जातं, दोरी हाताला जड लागते आणि खालून पाण्याचा सळसळ आवाज सुरू होतो. इंजिन नाही, पेट्रोल नाही, आणि आपण चाललोय! मी एकटीच मोठ्याने हसले.

मग अर्थातच आपटले. वळताना डोकं खाली घालायला विसरले, बूमचा (शिडाच्या खालचा आडवा दांडा) फटका कानशिलावर, होडी आडवी, मी पाण्यात. लगून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याच्या आतलं पाणी, उथळ असल्याने डोलकाठीचं टोक वाळूत रुतलं. काका किनाऱ्यावरून ओरडत होते, होडीच्या पोटातून जी फळी बाहेर येते तिच्यावर उभं राहा आणि मागे झुका. तिसऱ्या प्रयत्नात होडी सरळ झाली. नवरा व्हिडिओ काढत होता, ते वेगळं.

आता जाणाऱ्यांसाठी. शिकायचं तर पूर्व किनाराच बरा, कारण वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे येतो, काही जमलं नाही तर होडी आपोआप वाळूकडे ढकलली जाते. पश्चिमेला वारा बाहेर नेतो, नवख्यांनी बेत करू नये. प्रवाळाच्या कड्यात जिथे फट असते, तिला तिकडे पास म्हणतात, तिथे पाण्याला ओढ असते, लांब राहा. रबरी बूट घालाच, सी अर्चिनचे (तळाशी बसलेला काटेरी प्राणी) काटे वाईट. ऑगस्टमध्ये पाणी 22-23 डिग्री, तासाभराने कुडकुडायला होतं, फुल बाह्यांचा रॅश गार्ड (पाण्यात घालायचा घट्ट टी-शर्ट) न्या. लाइफ जॅकेट स्वतः बांधून, ओढून बघा. साधारण नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा सीझन, तेव्हाचं बुकिंग बघून करा. टूरिस्ट म्हणून आपल्याला आधी व्हिसा काढावा लागत नाही, रिटर्न तिकीट आणि हॉटेल बुकिंग जवळ ठेवा, निघण्याआधी ऑनलाइन फॉर्म भरा. मुंबईहून डायरेक्ट फ्लाइट सहा तासांच्या आसपास. कॅटमरानवरची, म्हणजे मोठ्या जोडहोडीवरची, बार्बेक्यू टूर आम्हीही केली, इल ओ बेनितिए बेटाची, जेवण छान पण आख्खा वेळ इंजिनवर, शीड फोटोपुरतं.

परत आल्यावर वाचत बसले तर कळलं की नौदलाच्या दिलीप दोंदेंनी 2009-10 मध्ये ज्या शिडाच्या होडीतून एकट्याने जगप्रदक्षिणा केली ती म्हादेई गोव्यातच बांधलेली, आणि 2016 मध्ये नौदलातल्या महिला अधिकाऱ्यांच्या टीमने तीच होडी गोव्याहून मॉरिशसला नेली होती. आणि मी विमानाने गेले, वाऱ्याबद्दल तक्रार करत!

सध्या गेटवेच्या बाजूला शिकतेय. पावसाळ्यात बंद, साधारण ऑक्टोबर ते मे चालतं. पाणी अर्थातच मॉरिशससारखं निळं नाही, वासही आपला बंदराचाच, पण वारा दुपारी बरा असतो. रविवारी डोंबिवलीहून लोकल पकडते. कुणी येणार असाल तर हातमोजे आणा, दोरीने तळहात सोलतात, आणि टोपीला नाडी बांधा, माझ्या दोन टोप्या बंदरात गेल्यात.