निवती रॉकवर तुटलेल्या दोरीचा पंचनामा

गाठ सुटलेली नाही. मागच्या नोंदीत निवती रॉकवर (निवतीसमोरच्या समुद्रातल्या खडकांपाशी) मासा लागून भर ताणात दोरी तुटल्याचं लिहिलं होतं. ते वाचून ज्यांनी ज्यांनी ‘आधी एफजी (दोरीला पुढचा लीडर जोडायची गाठ) नीट आवळायला शिक’ असं सुनावलं होतं, त्यांच्यासाठी हे पहिल्याच ओळीत. निवती रॉकवर या खेपेलाही दोरी तुटली, बांधली, परत तुटली, आणि परतायच्या आत ती का तुटते ते सापडलं. त्या आनंदात हातचे मासे गेल्याचं दुःख जवळजवळ विसरलोय. जवळजवळ.

चौकडी नेहमीचीच: डॉक्टर, सावंतवाडीकर, कोल्हापूरकर आणि मी. बोट दोन आउटबोर्डवाली फायबर, तांडेलही (बोट चालवणारे) आपले तेच काका. मालवणहून निघायचं टाळलं, कारण सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा गाभा १९८७ पासून सागरी अभयारण्यात आहे, तिथे गरी टाकायचा प्रश्नच येत नाही, आणि तो वळसा घालून खाली यायचं म्हणजे डिझेलवाल्या बोटींचं काम. निवतीच्या किनाऱ्यावरून उजाडता उजाडता सुटलो.

दिवस मुद्दाम दशमीचा धरला होता. उधाणाला त्या खडकांच्या बाजूने पाणी इतकं धावतं की जिग (धातूचं जड नकली आमिष) तळाला टेकेपर्यंत बोट भलतीकडे. भांगाचं (अष्टमीच्या आसपासचं, कमी ओढीचं) पाणी बरं. तिथीच्या पाऊणपटीचा हिशोब केला तर दशमीची भरती साडेसाताच्या सुमाराला, आपल्याकडे त्याहून थोडी आधीच. म्हणजे आम्ही पोचेपर्यंत ओहोटी लागलेली आणि पाठीवर मतलई, म्हणजे जमिनीकडून येणारा वारा. इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा मासेमारी अंदाज सावंतवाडीकराने आदल्या रात्री फोनवर दाखवला होता. पण तो बेतलेला असतो उपग्रहाने टिपलेल्या पाण्याच्या तापमानावर आणि हरितद्रव्यावर. कुप्याला (ट्यूनाला), बांगड्याला ठीक. कपारीत बसलेला हेकरू (ग्रूपर) उपग्रहाला कुठला दिसायला!

सबिकीवर (बारीक गऱ्यांच्या माळेवर) बांगडे पटापट आले. जिवंत आमिषाची टाकी भरली आणि मग केंड (फुगणारे, कुरतडणारे मासे) आले. पावसाळ्यानंतर केंडांचा त्रास नवा नाही, जाळीवाल्यांना विचारा. पण या वेळी रबरी मासोळीची शेपटी पाण्यात टिकेना. वर काढावी तर अर्धचंद्राकार घास घेतलेला. मऊ रबराचं पाकीट निमूट बॅगेत ठेवलं आणि ८० ग्रॅमचा शिशाचा जिग लावला. टंगस्टन जिगबद्दल माझं मत बदललेलं नाही: उत्तम असतो, लवकर बुडतो, आणि खडकात अडकला की दिवसभर पोटात कालवतं. शिसंच बरं.

आता मुख्य गोष्ट. बारा वाव पाणी, वाहतं घेऊन साधारण तीस मीटर दोरी बाहेर. जिग तळाला टेकवून अर्ध्या अर्ध्या वळणाने उचलत होतो. तिसऱ्या-चौथ्या उचलीला दणका बसला. काठी वाकली, ड्रॅग (ठरावीक ओढीनंतर दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) किंचाळला, मासा खडकाकडे निघाला म्हणून अंगठ्याने थोडं दाबलं, आणि ‘टक्’. काठी सरळ. मागच्या वेळचंच सगळं. गरी घट्ट बसलेली असताना, भर ताणात.

बोटीवर लगेच कोर्ट भरलं. डॉक्टर म्हणाला सुरमई. कोल्हापूरकर म्हणाला दोरी डुप्लिकेट. मी म्हणालो खडक. आपण सगळे तुटलेलं टोक बघून निदान करतो, तेच केलं. गाठ सुटली असती तर दोरीचं टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं यायला हवं होतं, नव्हतं. सुरमई कात्रीने कापल्यासारखी सरळ कापते, तीही लीडरपाशी (दोरी आणि जिग यांमधल्या जाड तुकड्यापाशी), जिगजवळ. केंड चावला तरी लीडरला खाचा दिसतात. खडकाला घासली तर बरीच लांबी मिशा फुटल्यासारखी होते. माझं टोक होतं फुलारलेलं, पण फक्त चार-सहा बोटं. बाकी दोरी बऱ्यापैकी गुळगुळीत.

एक अख्खा रंग, म्हणजे दहा मीटर, कापून टाकला. नवा लीडर, नवी गाठ. गाठ थुंकी लावून, दातात धरून, सावंतवाडीकराच्या साक्षीने आवळली. थोड्या वेळाने पुन्हा दणका, पुन्हा ‘टक्’.

डुप्लिकेट दोरीची शंका खरं तर मी घरी तपासली होती. माझी दोरी पीई ३; पीई हे विणलेल्या दोरीच्या जाडीचं माप, ३ म्हणजे जाडी ०.२८५ मिलिमीटर. विणलेली दोरी मायक्रोमीटरमध्ये चपटी होते म्हणून पेन्सिलीवर वीस वेढे चिकटून चिकटून घेतले आणि पट्टीने रुंदी मोजली. पावणेसहा मिलिमीटरच्या आसपास यायला हवी, तशीच आली. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या दोऱ्यांवर हा प्रयोग जरूर करा. पाकिटावर पीई २ लिहून आत सुतळी भरलेली मी पाहिली आहे. दोरी निर्दोष असल्याचा आणखी एक पुरावा बोटीवरच बसला होता: त्याच रिळातली अर्धी दोरी कोल्हापूरकराच्या मशीनवर आहे. त्याची एकदाही तुटली नाही. दोरीला नावं ठेवणारा तोच, हे विशेष.

ड्रॅगही नव्हता. वजनकाट्याला अडकवून सहा किलोवर लावलेला होता, घरी आणि बोटीवरही. पीई ३ ला सहा किलो म्हणजे काहीच नाही.

तोवर गप्प बसलेले काका इंजिन खाली करून म्हणाले, ‘‘दोरयेक कित्याक नावां ठेवतास? तुटल्यावर ओली दोरी मागे खंय येता तुमच्याकडे?’’

मी रिळाकडे बघितलं. खरंच. पाण्यात कुठेही तुटली असती तर वरचा भाग तरी ओला होऊन परत आला असता. माझ्याकडे परत गुंडाळायला काहीच येत नव्हतं. तुटलेलं टोक दर वेळी काठीच्या शेंड्याशीच फडफडत होतं. आणि रंगीत दोरीने तर हिशोबच मांडून ठेवला होता: तीन रंग बाहेर, तीन रंग गेले. जेवढी बाहेर तेवढी सगळी. म्हणजे मासा, केंड, खडक, लीडर, गाठ, सगळे सुटले. तुटत होती ती माझ्या डोळ्यांसमोर, काठीच्या शेंड्याला दोरी जिच्यातून बाहेर पडते त्या टोकाच्या कडीवर.

(दर दहा मीटरला रंग बदलणाऱ्या दोरीला जे ‘दाखवायची फॅशन’ म्हणतात, त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा.)

कडीवर बोट फिरवून काही लागेना. उन्हात धरून काही दिसेना. मग डॉक्टरच्या प्रथमोपचाराच्या पेटीतून कापूस काढला, पीळ देऊन कडीतून ओढला आणि गोल फिरवला. एका जागी धागे अडकले. पुसून परत फिरवला, परत तिथेच. काठी वाकल्यावर दोरी जिथे वळसा घेते, नेमकी तीच जागा. आतल्या सिरॅमिक रिंगला केसाएवढी भेग. चष्मा कपाळावर, कडी नाकाला लावून बघितली तेव्हा कुठे दिसली.

घरच्या परीक्षेत ही का पकडली गेली नाही, तेही आता कळतंय. काट्यावर ओढताना काठी सरळ धरलेली असते, दोरी कडीला जेमतेम स्पर्श करते. बोटीवर काठी कमान होते, सगळा भार शेंड्यावर येतो. माझा अंदाज असा की त्या भाराने कडीची चौकट किंचित ताणली जाते आणि भेगेच्या कडा उघडतात. नुसत्या कास्टिंगला, हलक्या माशाला काही होत नाही. मोठा मासा लागला की सुरी उघडते. म्हणजे छोटे सगळे बोटीत आणि मोठे सगळे समुद्रात, या माझ्या जुन्या दुखण्याचंही कारण मिळालं.

काठी ज्या दुकानातून मागवली त्यांनी पॅकिंग म्हणून पातळ पुठ्ठ्याची नळी पाठवली होती, एका टोकाला चेमटलेली. नाव घेत नाही. पण तुम्ही काठी मागवाल तेव्हा पीव्हीसी पाइपमध्येच पाठवा असं आधी सांगा, दोनशे रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या. आणि हातात आल्या आल्या कापूस फिरवा.

उरलेला दिवस कोल्हापूरकराच्या जादा काठीवर काढला. तीच दोरी, तेच रीळ, गाठही त्याच प्रकारची. ओहोटी संपत आली, पाणी थबकलं, आणि तळाशी कुणीतरी गोणपाट ओढल्यासारखं जड काही लागलं. पहिल्या दोन धडकांत कपारीतून उचलायचं, हे हेकरूचं गणित; तिसरी त्याला दिली की गेला. या वेळी अंगठा दाबताना छातीत धडधडत होतं, पण दोरीने हूं की चूं केलं नाही. तीन किलोच्या आतबाहेर असेल. मागच्या दोन नोंदींत नुसते तुटलेल्या टोकांचे फोटो टाकणाऱ्या माणसाला तीन किलोचा हेकरू म्हणजे काय, ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर आलेला वीतभर हेकरू सोडून दिला. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला आहे. सुरमईला ३७० मिलिमीटर हे मी काठीच्या मुठीवर रंगाने आखूनच ठेवलंय.

दिवसाचा मासा मात्र सावंतवाडीकराचा. आम्ही जिग वरखाली करून खांदे मोडून घेत असताना हा जिवंत बांगडा पाठीत गरी घालून, शिसं न लावता, बोटीमागे सोडून चहा पीत बसला होता. बांगडा एकदम वर येऊन घाबऱ्यासारखा फिरायला लागला, मागे तपकिरी सावली, आणि मोडसा लागला (मुंबईकरांचा सकला). शार्क समजून डॉक्टर ओरडला होता. वीसेक मिनिटं ओढाताण. बोटीखालून गेला तेव्हा काकांनी इंजिन ज्या पद्धतीने फिरवलं, त्यासाठीच त्या बोटीचं भाडं द्यावं. एक तक्रार आहेच: मागची ताडपत्री. पर्यटकांना सावली लागते हे कबूल, पण कास्ट करायला हात उचलला की दांडा. काकांना निम्मी गुंडाळता येईल का विचारलंय. ‘बघूया’ म्हणाले, म्हणजे नाही.

दुपारी खारा वारा धरला आणि परतलो.

आता दुरुस्ती. नवी दोरी मागवायची म्हणून यादीत टाकली होती ती काढली. टोकाची कडी गरम गोंदाने बसवलेली असते. लायटरची आंच कडीच्या नळीला लांबून, फिरवत फिरवत द्यायची आणि पकडीने सरळ ओढायची. आंच कार्बनला लागली तर काठी गेली, म्हणून घाई नाही. जुनी निघाली. शेंड्याची जाडी कॅलिपरवर २.२ मिलिमीटर भरली. फुजी कंपनीची एसआयसी (सिलिकॉन कार्बाइड) रिंगवाली घ्यायचं नक्की केलं होतं, जुन्याच मापाची.

पण हे लिहिता लिहिता वाटतंय, एक माप मोठी रिंग का घेऊ नये? एफजी गाठ आत्ताच्या कडीतून जाताना हलकी अडखळते, लीडर ८० पौंडाचा केला तर जास्तच अडखळेल. शेंड्याला वजन किंचित वाढेल, जिगिंगच्या काठीला ते चालतं. हलक्या कास्टिंगच्या काठीला मी हे केलं नसतं.

आणि खरं सांगायचं तर सावंतवाडीकराचा तो मोडसा डोक्यातून जात नाहीये. पुढच्या भांगाला जिगिंग सकाळच्या ओहोटीपुरतं, पाणी थबकलं की दोन काठ्या जिवंत बांगड्यावर, एक वर आणि एक फुग्याखाली मध्यावर. त्यासाठी आमिषाच्या टाकीला वाहतं पाणी हवं; बॅटरीवरचा बिल्ज पंप (बोटीत साचलेलं पाणी उपसायचा) जोडून बघतोय. आवाज फार करतो, पण बांगडे दुपारपर्यंत जगतील असं वाटतंय. निघण्याआधी चौघांच्या सगळ्या काठ्यांच्या सगळ्या कड्यांतून कापूस फिरणार आहे, कोल्हापूरकर कितीही हसला तरी.

कुडाळ-सावंतवाडीकडे कुणाकडे २.२ नळीची, मोठ्या रिंगची कडी पडून असेल तर सांगा. मुंबईहून मागवली तर पोचेपर्यंत अष्टमी निघून जाईल. बदल्यात न वापरलेल्या रबरी मासोळ्यांचं अख्खं पाकीट, शेपट्यांसकट.