कागदावर सलून, दारात सेव्हन

इन्शुरन्सच्या फॉर्मवर 'गाडी कोणत्या कंपनीची' म्हणून जी यादी उघडते त्यात माझी गाडी नाही, आणि 'इतर' असा पर्यायही नाही. इथूनच सुरुवात करतो कारण डोकं अजून तापलेलंच आहे. गाडी बघून पसंत करायला मला एक सकाळ लागली. ती गाडी जी आहे तीच कागदावर यायला पाच महिने.

गाडी म्हणजे घरी जोडलेली किट कार, जुनी, सेकंडहँड. लोटस या ब्रिटिश कंपनीच्या सेव्हन गाडीच्या वळणाची, दोन सीट, दारं नाहीत, छप्पर म्हणजे नावाला एक ताडपत्री. मूळ सेव्हन 1957 सालची, 1973 मध्ये तिचे हक्क केटरहॅम या दुसऱ्या ब्रिटिश कंपनीने घेतले, आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या किट काढणारे तर पुढे इतके झाले की विचारू नका. ब्रिटनमध्ये त्या काळी सुट्या भागांत गाडी घेतली की खरेदी कर वाचायचा म्हणून लोक घरी जोडायचे. 1973 ला व्हॅट आला, सवलत गेली, हौस काही गेली नाही. माझ्या गाडीला इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा अ‍ॅक्सल एका जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा, बाकी चौकोनी पाइपांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे आणि फायबरचे मडगार्ड.

बघायला जाताना एक मित्र बरोबर नेला, तो वेल्डिंगची कामं करतो. अख्ख्या प्रकरणात मी केलेला एकमेव शहाणपणा हाच. मी आपला लाल रंग बघत उभा, आणि हा पठ्ठ्या पाच मिनिटांत पाठीवर झोपून गाडीखाली. पाइप 25 मिलिमीटरचे, पत्रा जेमतेम दीड मिलिमीटरचा, म्हणजे गंजाला खायला फार काही नसतंच. त्यात लोखंडी पाइपला अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने ठोकलेला, मध्ये पाणी अडकतं आणि बाहेरून पावडर कोटिंग, म्हणजे भाजून बसवलेला रंग, चकाचक दिसत राहतं. तो स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत ठोकत पुढे सरकत होता, टण, टण, टण, आणि ड्रायव्हरच्या सीटखाली एका जागी थप्प. नखाने कोटिंग उचललं तर खपली निघाली आणि तपकिरी भुगा त्याच्या चष्म्यावर. वीतभर तुकडा कापून नवा घालता येईल म्हणाला, बाकीचे टाके सरळ आहेत, बांधणाऱ्याचा हात चांगला आहे. विकणाऱ्याने तेवढे पैसे कमी केले, वाद नाही झाला.

बाकी तपासणी भराभर सांगतो. जायच्या आधी फोनवरच सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका, आणि पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावून बघा, थंड इंजिन पहिल्या झटक्यात कसं उठतं त्यात बरंच कळतं. नायलॉक नट, म्हणजे सैल होऊ नये म्हणून आत नायलॉनची कडी असलेला नट, त्याच्या बाहेर बोल्टचे एक-दोन आटे दिसले पाहिजेत, जिथे दिसत नाहीत तिथे बोल्ट आखूड पडलाय आणि बांधणाऱ्याने चालवून घेतलंय. डाव्या आणि उजव्या बाजूला पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर टेपने मोजा, फरक आला तर गाडी कधीतरी कुठेतरी आपटलेली आहे. ब्रेक दाबल्यावर पाय दगडावर ठेवल्यासारखा वाटला तर घाबरू नका, या गाडीचं वजन पाच-सहाशे किलो, ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बहुतेक नसतोच. वायरिंग मात्र बघाच, माझ्या गाडीत डॅशबोर्डमागे सगळ्या वायरी काळ्या, एकजात काळ्या, कुठली दिव्याची आणि कुठली पंख्याची ते त्या बांधणाऱ्यालाच माहीत.

आता कागद.

नोंदणी पुस्तकात लिहिलं होतं, बॉडी सलून, म्हणजे दारं-छप्पर असलेली बंद गाडी, आसनं पाच. आणि चासी नंबर त्या बिचाऱ्या एस्कॉर्टचा, जिची चासी कधीच भंगारात गेलीये. गाडीवर डॅशखाली एक छोटी पट्टी रिव्हेट केलेली, तिच्यावर नंबर तिसराच. मी विकणाऱ्याला विचारलं, हे असं कसं? तर म्हणाले, "कधी कुणी विचारलंच नाही हो, दरवर्षी तपासणीत पास होते." खरं सांगायचं तर मला तिथेच थांबायला हवं होतं. पण चावी हातात होती, मी नुकताच एक चक्कर मारून आलो होतो, कानात वारं भरलेलं. पास होते म्हणतायत ना, मग झालं. अरे पण ती तपासणी ब्रेक, दिवे, टायर बघते. गाडी कोण आहे हे बघणं तिचं काम नाही! हे मला पैसे दिल्यावर सुचलं.

मग सुरू झाली वरात. इन्शुरन्सवाल्यांना फोटो पाठवले. फोन आला.

"सर, कागदावर सलून आहे."

"हो."

"फोटोत छप्पर दिसत नाहीये."

"नाहीच आहे."

"मग ही तीच गाडी कशावरून?"

प्रश्न रास्त होता, त्यामुळे जास्तच राग आला. त्यांनी सांगितलं आधी कागद दुरुस्त करून आणा. नोंदणीच्या खिडकीवर गेलो तर म्हणाले आधी गाडी तपासून आणा. तपासणीवाले म्हणाले, कागदावर सलून आहे, आम्ही ही गाडी सलून म्हणून कशी तपासू, आधी कागद दुरुस्त करा. हे तीनदा झालं, आणि दर वेळी खिडकीमागे माणूस वेगळा. पहिल्याने सांगितलं फोटो चालतील. दुसऱ्याने सांगितलं फोटो कशाला, सगळ्या भागांच्या मूळ पावत्या आणा. तिसऱ्या खेपेला जी बाई होती तिने गाडीचा फोटो बघून "किती गोड आहे" म्हटलं आणि कागद परत केले. तीन खेपांत दोन महिने गेले, गाडी घरासमोर झाकून उभी, आणि मी रोज संध्याकाळी कव्हर उचलून बघायचो आणि परत टाकायचो.

वैतागून वाचत बसलो तेव्हा कळलं की या गाड्यांचं माहेर जे ब्रिटन, तिथे हे निदान लिहून तरी ठेवलंय. फेरबदल केलेली गाडी जुनी ओळख ठेवू शकते का याला 2025 पर्यंत गुण होते, चासीला 5, सस्पेन्शन, अ‍ॅक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगला प्रत्येकी 2, इंजिनाला 1, आणि मूळचे भाग राहिले असतील त्यांचे निदान 8 व्हायला लागायचे. चासीच नवीन म्हणजे किट कार ही सरळ वेगळी गाडी, तिची एकेक गाडीला होते ती वेगळी तपासणी, आधी एसव्हीए म्हणायचे, 2009 पासून आयव्हीए. आणि भाग कुठून आले ते सिद्ध झालं नाही तर क्यू अक्षराचा नंबर घेऊन गप्प बसायचं. म्हणजे तिथेही माझं 'सलून' चाललं नसतं, पण निदान कुठे उभं राहायचं ते तरी कळलं असतं. तिथून आलेली गाडी बघत असाल आणि कडांना जागोजागी रबराची पट्टी चिकटवलेली दिसली तर तेही त्या तपासणीचंच, बाहेरची धारदार कड 2.5 मिलिमीटरपेक्षा कमी गोलाईची चालत नाही.

असो. शेवटी मुद्दा एकाच गोष्टीवर येऊन अडला, गाडी बांधल्याचा पुरावा, म्हणजे बांधणाऱ्याची फाइल. मला विकणारे दुसरे मालक, त्यांच्याकडे फाइल नव्हती, कधी मागितलीच नव्हती. आणि पहिल्या मालकाचा नंबर शोधून देतो म्हणून जे गेले ते तीन आठवडे फोनच उचलेनात. मी शेवटी भल्या सकाळी त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. नंबर फ्रिजवरच्या चिठ्ठीवर होता. फ्रिजवर!

त्या पहिल्या मालकांना, म्हणजे ज्यांनी बांधली त्यांना फोन केला तर ते इतके खूश झाले की तासभर बोलले, त्यातली पंचेचाळीस मिनिटं कार्ब्युरेटरबद्दल. आता गुडघ्यांमुळे तसल्या गाडीत उतरता येत नाही म्हणून विकली होती. फाइल नव्हती, बुटाचा खोका होता. त्यात पावत्या, हाताने काढलेला वायरिंगचा नकाशा (सगळ्या काळ्या वायरींना शेवटाला नंबर आहेत, मला दिसले नव्हते!) आणि फोटोंचा एक अल्बम. पहिल्या फोटोत एस्कॉर्ट नंबरप्लेटसकट, मग तिचं इंजिन दोरखंडाला लटकलेलं, मग कोरा सांगाडा स्टँडवर आणि त्यात त्यांचा छोटा मुलगा स्टिअरिंग नसलेल्या जागी हात धरून बसलेला.

अल्बम चाळताना ते सहज म्हणाले, "चासी नंबर दिसतोय ना नीट? मी पुढच्या सस्पेन्शनच्या ब्रॅकेटजवळ वरच्या पाइपवर ठोकलाय." मला पत्ताच नव्हता. डॅशखालची पट्टी दुसऱ्या मालकांनी हौसेने लावलेली, तो नंबर कशाचाच नाही. घरी आलो, थिनरमध्ये फडकं बुडवून पाइप घासत बसलो. आधी लाल, मग खाली काळा, मग राखाडी प्रायमर, आणि मग एक वाकडा 7. पूर्ण नंबर यायला अर्धा तास लागला. अंक एका रेषेत नाहीत, एकेक पंच हातोडीने मारलेला, शेवटचा 4 तर जवळजवळ आडवा पडलाय. खोक्यातल्या किटच्या पहिल्याच पावतीवर तोच नंबर.

त्यानंतर मात्र सरळ झालं. खोका घेऊन चौथ्यांदा गेलो तर तपासणी मिळाली, तपासणारा माणूस टॉर्च घेऊन वाकला, कागद ठेवून पेन्सिलने नंबराचा ठसा घेतला, "हं" म्हणाला. बस, हं. त्या हं साठी पाच महिने. पुस्तकात आता दोन आसनं आणि उघडी बॉडी. इन्शुरन्स शेवटी अशा गाड्यांचंच काम करणाऱ्या एका दुसऱ्या ठिकाणी घेतला, त्यांनी किंमत फोटो बघून आधीच ठरवून लिहून दिली, ते महत्त्वाचं, नाहीतर अपघातानंतर तुमच्या गाडीची किंमत भंगार एस्कॉर्टएवढी धरली जायची.

तेव्हा गाडी बघायला जाल तर आधी खोका मागा. खोका नसेल तर बांधणाऱ्याचा नंबर मागा, आणि तो पैसे द्यायच्या आधी लावून बघा.

अजून एक राहिलंच. जाताना अरुंद तळव्याचे बूट घाला. पायाशी जागा एवढी चिंचोळी की मी पहिल्या चक्करला जाड बुटाने ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबले, आणि मित्राने त्यानंतर पूर्ण रस्ताभर डाव्या हाताने सांगाडा घट्ट धरून ठेवला होता.