सोलापूरचा हापसा, युंबेचा चहा

माझ्या लहानपणी बार्शी तालुक्यातल्या आमच्या गावात शाळेसमोर एक हापसा होता. दोघींनी दांड्याला लोंबकळायचं, तिसरीनं तोटीखाली ओंजळ धरायची. २०२३ च्या मार्चमध्ये युगांडाच्या वायव्य कोपऱ्यात, युंबे जिल्ह्यातल्या एका वाडीवर मी गाडीतून उतरले आणि समोर तोच हापसा उभा. तेच तीन पायांचं स्टँड, तीच पुढे झुकलेली तोटी, दांडा वर जाताना साखळीचा तोच आवाज. घशात आवंढा आला.

हा पंप म्हणजे इंडिया मार्क टू. १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीनं भारतात तयार झाला, पण त्याचं मूळ जालना आणि सोलापूरला बनणाऱ्या हातपंपांत आहे. ‘सोलापूर पंप’ हे नाव आजही जुन्या कागदपत्रांत सापडतं. युगांडानं तोच पंप स्वतःचं मानक म्हणून स्वीकारला आणि त्याला ‘यू टू’ म्हणायला सुरुवात केली. मला हे तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. नऊ वर्षं पाणीपुरवठ्यात काढूनही नाही!

तिथवर पोचायला मला दोन वर्षं लागली. मी सिव्हिल इंजिनिअर. एका कन्सल्टन्सीत नळ पाणीपुरवठा योजनांची सर्वेक्षणं आणि अंदाजपत्रकं करत होते. यूएनव्ही, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम (मुख्यालय जर्मनीत, बॉनला), इंजिनिअरही घेतो हे एका मैत्रिणीकडून कळलं. परदेशातल्या तज्ज्ञ स्वयंसेवकाला वयाची २७ वर्षं पूर्ण आणि त्या कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव लागतो. पगार नसतो. राहण्याखाण्यापुरता मासिक भत्ता मिळतो, विमा आणि प्रवासखर्च मिळतो. घरी कर्जाचे हप्ते चालू असतील तर हा हिशेब आधी मांडा.

पहिल्या मुलाखतीत मी नापास झाले. ऑनलाइन मुलाखत, तिघेजण समोर. पाइपांची गणितं विचारतील म्हणून मी रात्र रात्र उजळणी केली होती. त्यांनी विचारलं, “तुमचा तांत्रिक निर्णय लोकांनी नाकारला, असा एखादा प्रसंग सांगा. तुम्ही काय केलंत?” मी सगळं ‘आम्ही’ करून सांगत राहिले: आम्ही बैठक घेतली, आम्ही समजावलं. मी स्वतः काय केलं, ते शेवटपर्यंत आलंच नाही. आपल्याकडे ‘मी केलं’ म्हणणं उद्धटपणाचं वाटतं, पण तिथं नेमकं तेच ऐकायचं असतं. सात महिन्यांनी दुसरी मुलाखत झाली, तेव्हा एक खरा प्रसंग सांगितला. एका गावात स्टँडपोस्टची, म्हणजे सार्वजनिक नळाची, जागा मी नकाशावर ठरवली होती. बायकांनी ती नाकारली, कारण तिथं पारावर दिवसभर पुरुष बसलेले असत. मी जागा बदलली आणि वाढलेल्या पाइपलाइनचा खर्च अंदाजपत्रकात बसवून घेतला. त्या उत्तरावर निवड झाली, असं मला आजही वाटतं.

कागदपत्रांचं फार सांगत नाही. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस क्लिअरन्स, वैद्यकीय तपासणी, सुरक्षेचा ऑनलाइन कोर्स. एका जुन्या मालकानं अनुभवाचं पत्र द्यायला नऊ आठवडे लावले. नोकरी सोडतानाच पत्र हातात घ्या, नंतर कुणी विचारत नाही. पिवळ्या तापाची लस मात्र वेळेत घ्यायची, कारण तिचा दाखला लस टोचल्यावर १० दिवसांनी ग्राह्य धरतात आणि त्याशिवाय युगांडात प्रवेश नाही. आई म्हणाली, “अगं, आपल्याकडे काय टँकर संपलेत का, म्हणून तू तिकडं निघालीस?” तिला उत्तर देता आलं नाही. तो प्रश्न बरोबर घेऊनच गेले.

एंटेबेला उतरून कंपाला, तिथून सकाळी निघून पाक्वाचला नाईल ओलांडायची, संध्याकाळी अरुआ. युंबे आणखी उत्तरेला. याच जिल्ह्यात बिडीबिडी ही निर्वासितांची वसाहत आहे. २०१६ मध्ये दक्षिण सुदानमधल्या लढाईमुळे काही महिन्यांत अडीच लाखांहून जास्त माणसं तिथं येऊन राहिली. त्यांच्यासाठी बोअर, सौर पंप, टाक्या उभ्या राहिल्या. माझ्याकडे आजूबाजूच्या मूळ रहिवाशांच्या वाड्यांवरचे हापसे आले. नऊ पंप ‘चालू, पण वापरात नाहीत’ असं यादीत लिहिलेलं. पंप चालतोय आणि लोक दोन किलोमीटरवरच्या ओढ्यावर जातायत. आधीच्या अहवालात कारण दिलं होतं: पाणी समिती निष्क्रिय, वर्गणी गोळा होत नाही.

पहिल्या वाडीवर एका आजींनी मला हाताला धरून चुलीपाशी नेलं. पंपाचं पाणी पातेल्यात उकळलं, चहापत्ती टाकली. चहा शाईसारखा काळा झाला. मग शेजारच्या पिवळ्या जेरिकॅनमधलं ओढ्याचं पाणी घेऊन दुसरा चहा केला, तो चहासारखा दिसला. दोन्ही कप माझ्यापुढे ठेवले आणि गप्प बसल्या. चहातल्या टॅनिनची पाण्यातल्या लोहाशी गाठ पडली की असा रंग येतो. त्याच पाण्यानं पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, लालसर होतो, पांढरे कपडे तांबूस होतात. असल्या पाण्याला महिन्याची वर्गणी कोण देईल? समितीला दोष देणारा तो अहवाल ज्यानं लिहिला, तो त्या चुलीपाशी बसला नव्हता.

लोह जमिनीतलं की पाइपातलं, हे ओळखायची रीत सोपी आहे. रात्रभर पंप बंद ठेवायचा, पहाटेचं पहिलं पाणी तपासायचं, मग सलग हापसून पुन्हा तपासायचं. पहाटेचं रीडिंग लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर गेलं. दोन तास बायकांनी आळीपाळीनं हापसल्यावर ते ०.४ वर आलं. कपड्यांवर डाग पडायला ०.३ च्या वर लोह पुरतं. पाण्याचा पीएच ५.९, म्हणजे आम्लधर्मी. खडकातलं पाणी मुळात फार लोहाचं नव्हतं. ते आतले जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप खात होतं आणि रात्रभरात तो गंज पाण्यात उतरत होता. युगांडाच्या जल व पर्यावरण मंत्रालयानं २०१६ मध्ये हातपंपांत जीआय पाइप वापरणं थांबवलं, पण जे आधीच जमिनीत गेले होते ते तसेच राहिले.

तिथले हातपंप मेकॅनिक एकत्र येऊन जिल्हा संघटना चालवतात. त्यातला पन्नाशीचा एक मेकॅनिक माझा खरा गुरू. ट्रायपॉड उभा करून आम्ही ३ मीटरचे ११ पाइप एकेक वर ओढायला घेतले. सातव्याशी तो म्हणाला, “इंजिनिअर, आता क्लँप सोडू नका, आटे संपलेत.” क्लँप सुटला नाही, पण पाइपच आट्यांपाशी तुटला आणि खालचे चार बोअरमध्ये गेले. दुपारभर गळ टाकून बसलो. त्यानं दोरीवर कान ठेवला होता. चौथ्या खेपेला पकड बसली. वर आलेल्या पाइपाला भोकं होती, माझी करंगळी आरपार जात होती.

जीआयच्या जागी स्टेनलेस स्टीलचे पाइप घालायचे होते, पण ते महाग. त्या वर्षीच्या पैशात नवापैकी चारच पंप झाले. चारही वाड्यांत आठवड्याभरात जेरिकॅनची रांग लागली आणि त्याच ‘निष्क्रिय’ समित्यांनी वर्गणीची वही काढली. आजींच्या चुलीवर चहा झाला, तांबूस, स्वच्छ. त्यांनी कप माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या.

उरलेल्या पाच पंपांची यादी, पहाटेच्या आणि दुपारच्या रीडिंगसह, माझ्या जागी आलेल्या इंजिनिअरकडे दिली. परवा मेकॅनिकचा मेसेज आला. पाचव्या वाडीनं दोन पाइपांपुरते पैसे स्वतः जमवलेत, बाकीचे जिल्ह्याकडून मिळालेत. ट्रायपॉडचा एक पाय वेल्डिंगला गेलाय. तो आला की मंगळवारी उपसायला घेणार.