तुम्ही विचारलंत म्हणून: पीएमपी करू का?

लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, भाचीच्या मैत्रिणींच्या फोनवर, सगळीकडे एकच प्रश्न: "काका, पीएमपी करू का?" म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं ते सर्टिफिकेट घेतलं की प्रोजेक्ट वेळेत संपायला लागतील का?

करा की. फी कंपनी भरत असेल तर उद्याच करा. गँट चार्ट (कामांचं पट्ट्यांचं वेळापत्रक), क्रिटिकल पाथ (ज्या कामांना उशीर झाला की सगळंच लांबतं ती साखळी) यायलाच हवं. पण मी उलटा एक प्रश्न टाकतो: तुझ्या टीममधल्या लोकांचं अप्रेझल, म्हणजे वर्षाच्या कामाचं मूल्यमापन, कोण लिहितं? बहुतेक वेळा उत्तर येतं, "ज्याचे त्याचे एचओडी", म्हणजे खातेप्रमुख. मग मी चाकणची गोष्ट सांगतो.

गाडीच्या डॅशबोर्डचे प्लास्टिकचे पार्ट करणारा कारखाना होता. मी नवीन पार्टच्या डेव्हलपमेंटवर. माझ्या टीममध्ये सात माणसं, म्हणजे कागदावर सात. टूलरूमचा (साचे दुरुस्त करणाऱ्या खात्याचा) एक, क्वालिटीचा एक, परचेसचा एक, अशी उसनी आणलेली. एकदा नव्या मोल्डची, म्हणजे साच्याची, पहिली ट्रायल झाली आणि साच्याचे दोन भाग जुळतात त्या पार्टिंग लाइनवर फ्लॅश, म्हणजे बाहेर आलेलं जादा प्लास्टिक, दिसला. नखाने ओढला तर पापुद्रा निघावा इतका. दुरुस्ती दीड दिवसाची. शुक्रवारी कस्टमरला सॅम्पल द्यायचे होते आणि हा मंगळवार. मोल्ड टूलरूममध्ये गेला, आणि त्याच दुपारी चालू प्रॉडक्शनच्या एका मोल्डची इजेक्टर पिन तुटली. माझा मोल्ड क्रेनखालून कोपऱ्यात सरकला. मी टूलरूमच्या मामांकडे गेलो. ते हात पुसत म्हणाले, "साहेब, तुमचं काम मला पटतंय. पण लाइन थांबली तर माझ्या साहेबांना विचारतात, तुमचा पार्ट थांबला तर तुम्हाला."

यात आळशी कोणीच नव्हतं. टूलरूमच्या साहेबांच्या केआरएमध्ये, म्हणजे ज्यावरून त्यांचं काम मोजतात त्या यादीत, मशीन किती तास चाललं हे होतं, माझ्या पार्टचं नावही नव्हतं. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

दुसरी गोष्ट सांगताना अजून ओशाळायला होतं. सोमवारच्या आढाव्याच्या एक्सेलमध्ये हिरवा, पिवळा, लाल असे रंग असत. लाल दिसला की साहेब दोन तास सगळ्यांसमोर धुलाई करायचे, आणि त्या दोन तासांत काम काही पुढे सरकायचं नाही. म्हणून मी माझ्या रखडलेल्या पार्टचा रकाना लालऐवजी पिवळा ठेवला. परचेसवाल्याने त्याचा तसाच ठेवला, क्वालिटीनेही. शुक्रवारी कस्टमरचा माणूस गेटवर उभा राहिला तेव्हा साहेबांना पहिल्यांदा कळलं. पीएमपीच्या परीक्षेत रिपोर्ट कसा भरायचा हे मला बिनचूक लिहिता आलं असतं.

त्या अभ्यासक्रमात हा विषय आहेच, बरं का. फंक्शनल (खात्याच्या साहेबांचं राज्य), मॅट्रिक्स (दोन्ही साहेबांचं), प्रोजेक्टप्रधान (प्रोजेक्टच्या साहेबांचं) असा तक्ता असतो, कुठे प्रोजेक्ट मॅनेजरच्या हातात किती सत्ता हे दाखवणारा. पोरं तो परीक्षेपुरता पाठ करतात. मला तो कळला कोकण रेल्वेमुळे.

रेल्वेत सिव्हिल, इलेक्ट्रिकल, सिग्नल, अकाउंट्स, स्टोअर्स अशी जबरदस्त खाती. प्रत्येकाची बढतीची शिडी वेगळी. ही खातेशाही मोडायची म्हणून केंद्रीय मंत्रिमंडळाने 2019 च्या डिसेंबरात आठ सेवा एकत्र करायचं ठरवलं, यावरून दुखणं किती जुनं ते समजा. कोकणात मात्र 1990 सालीच वेगळं महामंडळ काढलं. भांडवलात रेल्वेचे 51 टक्के, महाराष्ट्राचे 22, कर्नाटकाचे 15, गोवा आणि केरळचे सहा-सहा. ज्यांना या रुळांचा फायदा होणार ती राज्यंच भागीदार. बराचसा पैसा रोखे विकून उभा केला. ई. श्रीधरन प्रमुख, मार्गाचे सात तुकडे, आणि प्रत्येक तुकड्यावर एक चीफ इंजिनिअर, त्याच्या हातात जागेवर निर्णय घ्यायचे अधिकार. ऑफिसात उलटं घड्याळ: किती दिवस झाले ते नाही, किती उरले ते दाखवणारं. ते आकडे कोणाच्या सोयीने पिवळे होत नसत.

तरीही ठरलेली पाच वर्षं उलटून गेली. गोव्यात मार्गावरून वाद पेटला, काम थांबलं. पेडण्याच्या बोगद्यात माती इतकी मऊ की खणलेलं पुन्हा ढासळायचं. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सलग गाडी धावायला 1998 उजाडलं. रचना कितीही चांगली असली तरी माती काही अप्रेझलला भीत नाही. पण ढासळलं तर वर लगेच कळत होतं आणि कोणाला विचारायचं हेही ठाऊक होतं. साडेसातशेच्या आसपास किलोमीटर, तेही सह्याद्रीच्या कुशीतून. या हिशेबात मला उशीर छोटा वाटतो. गोव्यातले काही मित्र अजून यावर वाद घालतात, घालोत.

परवा भाची एका मोठ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूला गेली होती. शेवटी "काही विचारायचंय का?" म्हटल्यावर तिने माझा प्रश्न विचारला: "माझं अप्रेझल कोण लिहिणार, प्रोजेक्टचे साहेब की डिपार्टमेंटचे?" समोर बसलेले दोघं एकमेकांकडे बघायला लागले. मग एकाने सांगितलं, "आम्ही दोघं मिळून."

तिने नोकरी घेतली. पगार चांगला होता.