एसी लोकल सगळ्यांनाच हवी, पण पास?

बोरिवलीच्या लेडीज डब्यात एसी लोकलसाठी मत घेतलं, तर सगळ्याजणी हात वर करतील. (हात वर करायला जागा असली तर!) पासाच्या रांगेत मात्र त्यातल्या बहुतेकजणी सेकंड क्लासच मागतात. अकरावी कॉमर्सला गेलेली माझी लेक 'मागणी म्हणजे इच्छा, ऐपत आणि खर्चाची तयारी' असं घोकत होती, तेव्हा मी तिला ही रांग दाखवली.

पहिली एसी लोकल पश्चिम रेल्वेवर 25 डिसेंबर 2017 ला धावली. भाडं ऐकूनच आम्ही लांब राहिलो. मग 5 मे 2022 पासून एकेरी तिकिटं जवळपास निम्म्यावर आली, सगळ्यात कमी भाडं 65 रुपयांवरून 30 झालं आणि गर्दी वाढली. लेक खूश, मागणीचा नियम सिद्ध! मी म्हटलं, अगं, पण मे महिना होता. कोणत्या भाड्याला किती जणी चढतील ते दाखवणारी रेघ म्हणजे मागणी वक्र. भाडं उतरलं की आपण त्याच वक्रावर खाली सरकतो, उकाड्यानं मात्र अख्खा वक्रच उजवीकडे जातो, म्हणजे त्याच भाड्यालाही जास्त जणी चढतात. दोन्ही एकदम झाल्यावर नुसती गर्दी बघून काय कळणार?

शिवाय पासाचे दर तेव्हा उतरलेच नाहीत. म्हणजे फायदा झाला तो कधीमधी जाणाऱ्यांचा. आम्हा रोजच्यांची अंदाजपत्रक रेषा, म्हणजे आहे त्या पैशात काय काय बसतं त्याची हद्द, होती तिथेच. एसीचा पास काढायचा तर आमच्या घरात तो लेकीच्या क्लासच्या फीमधून निघेल, दुसरं आहे काय?

आणि नुसत्या पैशाचंच बजेट नसतं. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी 1965 मध्ये वेळेलाही किंमत लावून हिशेब मांडला होता. एसी गाडी चुकली की पुढच्या एसीची वाट बघत बसायचं, आणि इकडे मस्टर कुणासाठी थांबत नाही. ऑफिसातल्या एका मॅडमनी तरीही एसी पास घेतलाय, कारण तो साध्या लोकलच्या फर्स्ट क्लासमध्येही चालतो. त्यांचा हिशेब मला पटतो. परवडत नाही इतकंच.

मी सेकंडचाच पास ठेवते आणि अगदीच जीव गेला तर संध्याकाळी चर्चगेटहून एकेरी एसी तिकीट काढते. लेक म्हणाली, "आई, तुझी आवड नक्की कोणती?"

म्हटलं, "एक तारखेला विचार, आणि मग पंचवीसला विचार."